बिनपासाची हवा

माझ्या सुक्या बोंबलांमुळे एका बाळाचा जीव धोक्यात आला, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर अजिबात विश्वास ठेवू नका. जीव धोक्यात आला तो दौलतरावांमुळे. बोंबील बिचारे तव्यावरून हललेसुद्धा नव्हते. हलला होता तो फक्त वास.

आमची श्रमसाफल्य सोसायटी थेरगावात, डांगे चौकाच्या थोडी अलीकडे. कुणी बीडचं, कुणी सोलापूरचं, आम्ही गुहागरकडचे. जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी सकाळी कंपनीच्या बसने चाकणला जातं. माझा नवरा धनेश तिथे गाड्यांच्या सीटा बनवतो आणि येताना चाकणच्या बाजारातून कांद्याची पिशवी आणतो. माझ्या माहेराहून सुक्या बोंबलांचा डबा येतो. कांदा आणि बोंबील एका तव्यावर आले की काय होतं, हे ज्याला नाक आहे त्याला समजावून सांगायची गरज नाही.

दौलतराव आमच्या डोक्यावरच राहतात, म्हणजे बरोबर वरच्या मजल्यावर. गळ्यात तुळशीची माळ, खिशात शिट्टी. चाकणच्या एका कारखान्याचं गेट त्यांनी जन्मभर सांभाळलं आणि रिटायर झाल्यावर आमचे चेअरमन झाले. "माझ्या गेटवरून पास दाखवल्याशिवाय साधा वॉशर बाहेर गेला नाही," हे वाक्य ते कुठल्याही विषयात बसवतात, मग विषय गणपतीच्या वर्गणीचा असो की तुंबलेल्या ड्रेनेजचा.

त्यांची मुलगी दिव्या पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तळेगावच्या कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवते. तिचा आठवा महिना सरत आला होता आणि त्या मुलीच्या काळजीने दौलतराव नुसते भिरभिरत होते. त्याच भरात एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले.

"अनितावहिनी, तुमच्या घरातला वास माझ्या घरात येतो. दिव्याला या दिवसांत असला वास सोसेल का?"

"खिडकी लावून घ्या ना."

"मी का लावू? वास तुमचा आहे. त्याला वर पाठवला कुणी?"

"कुणी नाही पाठवला," मी म्हटलं. "तो आपला आपण जातो."

हे ऐकून त्यांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं मी त्यांच्या घराण्याबद्दल काही बोलले. "कुणी पाठवलं नाही, पास नाही, एंट्री नाही, आणि तरी वर येतो?" असं पुटपुटत ते जिना चढून गेले.

रविवारी सोसायटीची सभा झाली. दौलतरावांनी उभं राहून ठराव वाचला: श्रमसाफल्यच्या हद्दीत यापुढे कोणताही वास, वायू, रंग, चव किंवा तत्सम कण, जिथे दाटी आहे तिथून जिथे दाटी नाही तिथे, परवानगीशिवाय जाणार नाही. समोर वडे निवत चालले होते. सगळ्यांनी पटापट हात वर केले. मी तर केसांची पिन नीट करत होते, तो हातही त्यांनी मोजला.

मी मनात म्हटलं, करा ठराव. वासाला कोण वाचून दाखवणार आहे?

सोमवारी बोंबील तव्यावर टाकले आणि चकितच झाले. वास येईना. बोंबील लाल झाले, कांदा करपायला आला, तरी काही नाही. मग मीठ घालायला वाकले, तर नाक एकदम वासात बुडालं. तव्याच्या वर, कलिंगडाएवढ्या जागेत, सगळा वास गुपचूप उभा होता. कलिंगडाच्या बाहेर डोकं काढलं की स्वच्छ हवा, आत घातलं की थेट गुहागर.

मला वाटतं, ही आमच्या भागाचीच करणी. दुसरीकडे वासाने असला ठराव धुडकावून लावला असता. पण इथे सगळ्यांचा जन्म गेटवर कार्ड दाखवण्यात गेला आहे, कणांनाही ती सवय लागली असणार.

मग नियम हळूहळू आत शिरत गेला. मंगळवारी साखर ऐकेना. चमच्याने कितीही ढवळा, ती गोल फिरून पुन्हा तळाला जाऊन बसायची, आणि चहा कडू तो कडूच. नीळ बादलीत टाकली तर ती थेंबासारखी तरंगत राहिली आणि धनेशच्या पांढऱ्या बनियनवर बरोब्बर छातीवर एक निळा टिळा उठला. लोणच्याच्या बरणीत मीठ एका बाजूला, कैरी दुसऱ्या बाजूला, दोघं एकमेकांकडे पाठ करून.

दौलतराव मात्र खुशीत होते. "बघा, शिस्त म्हणजे काय असते," म्हणून लिफ्टपाशी मला ऐकवून गेले. मी त्यांना मनातल्या मनात जे काही म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बुधवारी सगळ्यांचे मोबाईल वाजायला लागले. पाहुणा आला की गेटवरून विचारणा येते, ते आमचं सोसायटीचं ॲप. त्यावर लिहिलं होतं: 'तुमच्या फुफ्फुसात ऑक्सिजन आला आहे. रक्तात सोडायचा?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. मी 'हो' दाबलं. लगेच पुढच्या श्वासाला पुन्हा तेच. दुसऱ्या बाजूने कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला परवानगी मागत होता, तो वेगळाच. दुपारपर्यंत पोळ्या लाटू की बटणं दाबू, अशी माझी गत झाली.

शेवटी मी इंटरकॉमवरून वॉचमनला झापलं. बन्सी चाकणजवळच्या एका गावचा, घरी कांद्याची शेती, इथे गेटवर नोकरी. माणूस इतका आज्ञाधारक, की 'बस' म्हटल्यावर 'ऊठ' म्हणेपर्यंत बसून राहील.

"बन्सी, हे काय चालवलंयस? मी श्वास घेऊ का नको?"

"घ्या की ताई. पर एंट्री करून घ्या. त्येच्यात खाली एक बटन हाय बगा, 'नेहमी येऊ द्या' म्हनून. कामवाल्या बाईला करता तसंच."

ते दाबलं आणि जीव भांड्यात पडला. एकेकाने आपापल्या फोनवर ते बटण दाबलं, म्हाताऱ्यांचं नातवंडांनी दाबून दिलं, आणि सोसायटी पुन्हा बिनघोर श्वास घ्यायला लागली.

गुरुवारी सकाळी दिव्या माझ्याकडे आली. दार लोटून सरळ स्वयंपाकघरात गेली, कमरेवर हात ठेवून तव्यापाशी उभी राहिली आणि तिने डोळे मिटून त्या कलिंगडात तोंड घातलं.

"अगं, मळमळेल तुला!"

"काकू, मळमळ कुठली? डोहाळे लागलेत मला या वासाचे." तिने तोंड बाहेर काढलं. "सासरी खायला शिकले. पप्पांना सांगितलं तर ते आंघोळ करून पोथी घेऊन बसतील. रोज तुमच्याकडून वास वर यायचा आणि मी खिडकीत बसून असायचे. आता तोही बंद केला त्यांनी."

मला इतकं हसू आलं की पोळी करपली. तिला पाटावर बसवता येईना म्हणून खुर्ची दिली, पुढ्यात ताटली ठेवली. खाता खाता ती शिकवायलाच लागली, शिक्षकांची खोड. म्हणाली, "काकू, पप्पांना वाटतं वास मुद्दाम त्यांच्याकडे येतो. त्याला कुठे यायचंय? तो कण आपला नुसता धडपडतो. इकडे आपटला की तिकडे, तिकडे आपटला की भलतीकडे. त्याला वरचा मजला ठाऊक नाही आणि तुम्हीही ठाऊक नाही."

"मग वरच का जातो मेला?"

"जिथे दाटी असते, तिथून बाहेर पडणारे जास्त असतात. जिथे कुणीच नाही, तिथून परत येणार कोण? म्हणून हळूहळू सगळीकडे सारखं होतं. हुकूम कुणाचाच नाही. आणि काकू, आपण जगतो ते यावरच. श्वास म्हणजे काय, धनेशकाकांच्या कंपनीची बस. बस गेटपर्यंत सोडते. गेटपासून मशीनपर्यंत ज्याचा तो पायी जातो ना? तसा ऑक्सिजन फुफ्फुसाचा पातळ पडदा आपल्या पायांनी ओलांडतो. पुढे रक्ताची बस. ती पेशीच्या दारात सोडते, तिथून पुन्हा पायी."

"मग सगळंच पायी का नाही जात? बसचा खर्च कशाला?"

"कारण तो असा झिंगल्यासारखा चालतो. चार पावलांचं अंतर चटकन जाईल, पण थेरगावहून चाकणला निघाला तर आयुष्य सरेल. म्हणून शरीरात सगळे पडदे इतके पातळ, आणि..."

ती थांबली. बोंबलाचा तुकडा हातातच राहिला. दुसरा हात पोटावर होता आणि ती काहीतरी ऐकत असल्यासारखी बसली होती.

"काकू, बाळ सकाळपासून हललेलं नाही."

"झोपलं असेल गं."

"माझं रक्त आणि त्याचं रक्त वेगळं असतं. मध्ये पडदा आहे. ऑक्सिजन माझ्याकडून त्याच्याकडे जातो तो असाच, पायी." ती माझ्याकडे बघत म्हणाली. "मी माझं बटण दाबलं काकू. त्याचं कुणी दाबलं?"

मी ताडकन उठले. इंटरकॉम उचलला. "बन्सी, दिव्याच्या बाळाची हवा तू अडवलीस का?"

"व्हय ताई, आज सकाळपास्नं. मला बी वाईट वाटतंय, पर त्यास्नी रजिस्ट्रेशनच न्हाई. पूर्ण नाव आन मोबाईल टाकल्याबिगर ते पुढंच सरकत न्हाई."

मी काय केलं ते मला धड आठवत नाही. दौलतरावांना हाका मारल्या, रिक्षा बोलावली, दिव्याला लिफ्टमध्ये घातलं. लिफ्ट चालू होती हे नशीब. आम्ही गेटशी पोचलो तेव्हा दौलतराव पायजम्यावरच धावत आले होते आणि त्यांच्यामागे दिव्याची आई कौशल्याबाई, हातात अंगारा. रिक्षा समोर रस्त्यावर उभी. मध्ये फक्त बन्सीचा आडवा दांडा.

"दांडा वर घे," दौलतराव म्हणाले.

बन्सीने हातातला टॅब बघितला. "ताई जाऊ शकत्यात सायेब. पर आतलं न्हाई जाऊ शकत. आतल्याची एंट्रीच न्हाई. ज्येची एंट्री न्हाई त्याला बाहेर कसा सोडू? तुमीच शिकवलंय."

"अरे मग एंट्री कर! माझा मोबाईल नंबर टाक."

"टाकला. नाव?"

दौलतरावांनी कौशल्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी अंगारा घट्ट धरला. "बारशाआधी नाव? नाही हो. आमच्याकडे कुणी घेतलेलं नाही. असल्या वेळी तर मुळीच नाही. जन्माआधी नाव घेऊन कुणाला हाक मारू मी?" आणि त्या रडायलाच लागल्या.

"नुसतं 'बाळ' लिही."

"लिवलं. आडनाव, आधार मागतंय."

"मी चेअरमन सांगतोय, सोड!"

"सायेब, तुमीच म्हनला व्हता, 'मी सांगितलं तरी बिगर एंट्रीचं सोडू नको.' माळेची शपत घ्यायला लावली व्हती मला."

दिव्या दांड्याला धरून उभी होती. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ती एकसारखी पोट चोळत होती. "हल ना रे," ती हळूच म्हणत होती. "एकदा हल." मला दौलतरावांचा इतका राग आला होता की त्यांच्या खिशातली शिट्टी काढून त्यांच्याच घशात घालावी. पण त्यांच्याकडे बघितलं आणि रागच गेला. तो माणूस स्वतःच बांधलेल्या भिंतीला डोकं टेकून उभा असल्यासारखा दिसत होता.

मग ते खाली बसले. गुडघे टेकले आणि दांड्याखालून रांगत पलीकडे गेले.

"सायेब!" बन्सी ओरडला. "एंट्री!"

दौलतराव रस्त्यावर उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा पासाशिवाय गेट ओलांडलं होतं, आता पुढे कुठे जायचं हे त्यांना कळेना. ते रिक्षाला धडकले, वळले, शहाळेवाल्याच्या गाड्याला धडकले, पुन्हा वळले, दांड्याखालून आत आले, खांबाला आपटले आणि परत बाहेर गेले. बन्सी 'बाहेर' लिहितो तोवर ते आत असत आणि 'आत' लिहितो तोवर बाहेर.

"अहो, वेड लागलं का?" कौशल्याबाई ओरडल्या.

"आई, थांब," दिव्या म्हणाली. "फिरू दे त्यांना, कणासारखं. काकू, सगळ्यांना खाली बोलवा. लवकर!"

मी जिन्यात जाऊन अशी बोंब ठोकली की रात्रपाळी करून झोपलेलेही उठून आले. सगळे गेटशी गोळा झाले, खेचाखेच झाली. मी म्हटलं, "चालायला लागा."

"कुठे जायचं?" कुणीतरी विचारलं.

"कुठेही."

"पण लाइन कुठून सुरू होते?"

"लाइन नाही. धक्का लागला की वळायचं, एवढंच."

"सुपरवायझर कोण आहे?"

"कुणी नाही!" मी किंचाळले. "कुणाला विचारू नका, नुसते चाला!"

कंपनीतल्या माणसांना हे किती जड गेलं, काय सांगू. आधी ते दोन दोन पावलं टाकून मागे वळून बघत. मग दौलतरावांचा धक्का एकाला लागला, त्याचा दुसऱ्याला, आणि सगळी गर्दी झिंगल्यासारखी हलायला लागली. दांड्याखालून, दांड्यावरून, बाजूच्या फटीतून. आत दाटी होती, म्हणून बाहेर पडणारे जास्त होते. बाहेरून शहाळेवाला आत आला, भाजीवाली आत आली, एक कुत्रं आलं आणि परत गेलं. कुणी कुणाला पाठवलं नव्हतं. आणि बघता बघता गेटच्या दोन्ही बाजूंना माणसं सारखी पसरली, इतकी सारखी, की आतलं कोण आणि बाहेरचं कोण हे मलाही सांगता आलं नसतं.

बन्सीने टॅब खाली ठेवला. "आता मला काय बी समजंना," तो म्हणाला आणि त्याने दांडा वर केला.

तेव्हा हवा आली. म्हणजे ती होतीच, पण चार दिवस दारात ताटकळलेलं सगळं एकदम आत आलं. डांगे चौकाचा धूर, शहाळ्याचा ओला वास, कुणाच्या तरी घरातली उदबत्ती. आणि वरून, माझ्या खिडकीतून, बोंबील. कलिंगड फुटलं होतं.

दिव्याने माझं मनगट पकडून पोटावर दाबलं. आधी काहीच नव्हतं. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही. मग आतून एक लाथ बसली, अशी सणसणीत, की माझा हात उडाला. मी रडले. कौशल्याबाई रडल्या. बन्सीसुद्धा टोपीने डोळे पुसत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. ठोके छान होते. संध्याकाळी सगळे परत आलो तेव्हा दांडा वरच होता. दिव्या सोसायटीच्या पायरीवर दम घ्यायला टेकली. दौलतराव तिच्या शेजारी बसले, गुडघ्यांवरची माती त्यांनी झटकलीही नव्हती.

"दिव्या," ते म्हणाले, "आता त्याच्याकडे हवा जाते ना?"

"जाते पप्पा."

"कोण सोडतं?"

"कुणी नाही. माझ्याकडे जास्त आहे, त्याच्याकडे कमी आहे. म्हणून जाते."

त्यांनी वर केलेल्या दांड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग मी इतकी वर्षं गेटवर बसून काय अडवत होतो?"

"वॉशर," दिव्या म्हणाली, आणि तिने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी माझी बेल वाजली. दारात दौलतराव, हातात रिकामी वाटी. माळ शर्टाच्या आत घातलेली, नजर माझ्या पायपुसण्यावर.

"आईला सांगायचं धाडस होईना दिव्याला," ते म्हणाले. "मला सांगितलं. थोडं द्याल का? तिच्यासाठी."

मी वाटी काठोकाठ भरली. माळकरी माणूस, जिन्यात चार लोकं भेटणार, म्हणून वरून ताटली झाकायला गेले.

"राहू द्या," ते म्हणाले. "झाकू नका."

आणि दोन्ही हातांत ती उघडी वाटी धरून, सांडू नये म्हणून एकेक पायरी जपत, ते वर गेले.